शिरोलीच्या कारखान्यासाठी राउटर घेताना

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. कास्टिंग ओतायचं, मशीनिंग करायचं आणि चाकणला गाडी कंपन्यांकडे पाठवायचं, हा धंदा. दुसरं मशीन शॉप कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत आणि पुण्यात चार टेबलांचं ऑफिस. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सिस्टिम्स’ असं छापलंय. प्रत्यक्षात प्रिंटरच्या टोनरपासून टॅलीच्या बॅकअपपर्यंत, जे जे वायरीला लागलंय ते माझं.

पूर्वी नेट गेलं तर मेल थांबायच्या, एवढंच. ई-इनव्हॉइस आलं आणि चित्र पालटलं. दहा कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून ते सक्तीचं झालं, त्यात आम्ही आलो. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवाले आले. आता सरकारी पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी) नंबर आणि क्यूआर कोड आल्याशिवाय बिल निघत नाही, त्यावर ई-वे बिल, मग ग्राहकाच्या पोर्टलवर ‘माल निघाला’ अशी नोंद. यातलं एक अडलं की भरलेली गाडी गेटवर उभी. डिस्पॅचचा माणूस दर दहा मिनिटांनी दारात येऊन सांगणार, “साहेब, गाडी उभी हाय.” आणि चाकणला सकाळच्या पाळीत तो माल लाइनवर हवा असतो.

एवढा सगळा भार नेट कंपनीने फुकट दिलेल्या पांढऱ्या डब्यावर होता. फायबर त्यातच, वायफाय त्यातच, सगळ्यांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटायचं कामही त्याच्याकडे. दुपारी तीनच्या सुमाराला तो गुदमरायचा. लाइट सगळे हिरवे, पण पान उघडायचं नाही. बंद करून चालू केला की ठीक. रात्रपाळीच्या वॉचमनलासुद्धा माहीत झालं होतं की कुठला प्लग काढून घालायचा.

मालकांनी “एकदा काय तो चांगला राउटर घेऊन टाका” म्हटल्यावर व्हेंडरला बोलवायच्या आधी मी मोजमाप केलं. गोकुळ शिरगावच्या एका मित्राकडे जुना राउटर पडून होता. तो मधे लावला आणि आलेख काढत राहिलो. वाटलं होतं २०० एमबीपीएसची लाइन तुडुंब असेल. ती निम्मीसुद्धा भरत नव्हती. तुंबत होती ती जोडण्यांची संख्या. संगणक, फोन, कॅमेरे, बायोमेट्रिक धरून दीडशेच्या आसपास उपकरणं आणि प्रत्येकाच्या डझनावारी जोडण्या. घरगुती डब्याची नॅट टेबल, म्हणजे कुठली जोडणी कुणाची याची नोंदवही, त्यासाठी केलेलीच नसते. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर बघण्याची सोय अपलोडचा मोठा वाटा कायम खात होती. दर महिन्याला एका बुधवारी सकाळी आलेख उंच जायचा, तो विंडोजच्या अपडेटचा; मायक्रोसॉफ्ट ते अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते आणि संगणक ते ओढतात बुधवारी सकाळी.

हे हातात असल्यामुळे कोटेशनं वाचायला सोपी गेली. तीन आली. तिन्हींच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात वेग. सेल्सवाला म्हणाला, “सर, हा घ्या, पाच वर्षं बघायला नको.” हे वाक्य राउटरवाल्यांच्या प्रशिक्षणात पाठ करून घेत असावेत.

डेटाशीटवरचा मोठा आकडा बहुधा मोठ्या पॅकेटवर, १५१८ बाइटच्या आसपास, आणि डोकं न चालवता माल नुसता पुढे ढकलताना मोजलेला असतो. फोनवरचं बोलणं किंवा ईआरपीची (कंपनीचा सगळा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) छोटी देवघेव लहान पॅकेटांची असते. लहान पॅकेट म्हणजे तेवढ्याच डेटासाठी कितीतरी जास्त वेळा विचार. वर फायरवॉलचे (आत-बाहेर कुणाला सोडायचं त्याचे) नियम, व्हीपीएनचं, म्हणजे दोन ऑफिसांमधल्या खासगी बोगद्याचं, कुलूप लावणं, व्हायरस तपासणं. फोर्टिगेट ४०एफ या फायरवॉल बॉक्सचंच घ्या: कागदावर फायरवॉलचा वेग ५ जीबीपीएस, आणि त्याच कागदावर खाली, सगळं संरक्षण चालू केल्यावर, ६०० एमबीपीएस. त्यांनी लपवलेलं नाही, दोन्ही आकडे छापलेत. कोटेशनमध्ये मात्र पहिलाच उतरतो. सिस्कोच्या आयएसआर ४३२१ या राउटरला मूळचा वेग ५० एमबीपीएस, परफॉर्मन्स लायसन्स घेतलं तर १०० आणि त्यापुढे बूस्टचं लायसन्स वेगळं. म्हणजे लोखंड तेच, किल्ली विकत. जुनी यंत्रं स्वस्तात मिळतात म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर आधी लायसन्स कुठलं आहे ते विचारावं. मिक्रोटिक ही लाटवियातली कंपनी प्रत्येक मॉडेलचे ६४, ५१२ आणि १५१८ बाइटचे वेगवेगळे आकडे वेबसाइटवर टाकते, नियम लावून आणि न लावता. तो तक्ता बघायची सवय लागली की बाकीच्यांना काय विचारायचं ते आपोआप कळतं.

मी तिघांना एकच मेल पाठवली: नॅट, पन्नास फायरवॉल नियम, दोन व्हीपीएन चालू असताना मिश्र पॅकेटवर किती वेग मिळेल ते लेखी द्या. एकाने दिलं. एकाने परत तीच डेटाशीट पाठवली. तिसऱ्याने फोन करून सांगितलं की “सर, चालतंय ओ.”

दुसरा प्रश्न लायसन्स संपल्यावर काय होतं याचा. हा बहुतेक जण विचारत नाहीत आणि तीन वर्षांनी रिन्युअलचा आकडा बघून खुर्चीत बसतात. काही बॉक्समध्ये लायसन्स संपलं तरी वाहतूक चालू राहते, फक्त नव्या व्हायरसांच्या ओळखखुणा येणं थांबतं. सिस्कोच्या मेराकी यंत्रांच्या को-टर्म (सगळ्या लायसन्सची एकच मुदत) पद्धतीत मात्र मुदत संपून ३० दिवसांची सवलत उलटली की नेटवर्कच थांबतं. ज्या कंपनीत रिन्युअलची फाइल परचेस, अकाउंट्स आणि मालक अशी फिरते तिथे हे परवडण्यासारखं नाही. आमच्यात तर नाहीच.

तिसरा प्रश्न बदलीचा. बड्या कंपन्या ‘नेक्स्ट बिझनेस डे’ म्हणतात, म्हणजे बिघडलेल्याच्या जागी दुसऱ्या कामाच्या दिवशी नवा. पुणे-मुंबईत हे बरं आहे. शिरोलीत बसून मला ऑगस्ट २०१९ आठवतो. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता इथेच बंद झाला, ट्रकांच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ ला परत तेच. पुण्याच्या गोदामातून निघालेला राउटर किणी टोलनाक्यापर्यंत येईल, पुढे काय पोहत येणार? सेवा करार कितीही गुळगुळीत कागदावर असो, सुटा राउटर आपल्या कपाटात हवा हे मी तेव्हाच धरून चाललो होतो.

यावरून निवड झाली. एका महागड्या बॉक्सच्या ऐवजी मिक्रोटिकचे आरबी५००९ दोन घेतले. लायसन्सचं दरवर्षीचं लचांड नाही. पंखा नाही, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट, कारण फाउंड्रीत हवेत काळी बारीक धूळ असते आणि ऑफिसातल्या स्विचचा पंखा उघडला तर आत काजळासारखा थर निघतो. शिवाय वीज तीन ठिकाणांहून घेता येते: अडॅप्टर, नेटवर्क केबल आणि स्क्रूचं टर्मिनल. एक यूपीएस गेला तरी दुसऱ्यावर उभा राहतो. याची दुसरी बाजूही सांगतो. हा डबा व्हायरस तपासत नाही. ते काम प्रत्येक संगणकावरच्या अँटिव्हायरसकडे आणि डीएनएस फिल्टरकडे (धोकादायक साइटची नावं अडवणाऱ्या सोयीकडे) राहिलं. रुग्णालय किंवा पतसंस्था असती तर मी हा सल्ला दिला नसता, सरळ फायरवॉलचा बॉक्स लायसन्ससकट घ्या म्हटलं असतं. आणि सेटिंग्ज समजणारा माणूस घरात नसेल तर स्वस्त राउटर फार महाग पडतो.

मालक म्हणाले, “दोन कशाला? एकच भारी घ्या की.”

म्हटलं, “भारीसुद्धा जळतो. दुसरा असला तर गाडी सुटते.”

गाडीचं नाव काढल्यावर पुढे काही बोलले नाहीत. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सही झाली. पीओमध्ये दोन ओळी मी आग्रहाने घातल्या: सिरियल नंबर कंपनीच्या भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडचाच हवा, आणि काम झाल्यावर ॲडमिन पासवर्ड आमच्या ताब्यात. दुसरी ओळ वाचून व्हेंडर जरा नाराज झाला. बऱ्याच कारखान्यांत पासवर्ड व्हेंडरकडेच असतो आणि एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, त्या जोरावरच चालते. आमचा आता बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत आहे.

बसवायला रविवार निवडला. पहिलाच अडथळा नेट कंपनीचा. नवा राउटर लावला, केबल तीच, आयपी तोच, पण पलीकडून उत्तर नाही. त्यांच्याकडे जुन्या डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, नोंदवलेला, दुसरा पत्ता दिसला की लाइन गप्प. कॉल सेंटरला मॅक सोडा म्हणून सांगितलं तर “सर, राउटर रिस्टार्ट करून बघा.” शेवटी जुन्याचाच मॅक नव्याच्या पोर्टवर घातला आणि दोन मिनिटांत नेट आलं. तोच पत्ता सुट्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टवरही घालून ठेवलाय, म्हणजे बदलाच्या वेळी कुणाच्या पाया पडायला नको. दोन्ही एकाच वेळी लाइनला लागत नाहीत, त्यामुळे भांडण होत नाही.

या राउटरमध्ये सेटिंग्ज जपायचे दोन रस्ते आहेत. ‘बॅकअप’ घेतला तर पोर्टांचे मॅक पत्तेसुद्धा त्यात येतात, तो त्याच यंत्रावर परत टाकायला ठीक. ‘एक्स्पोर्ट’ केलं तर साधी मजकुराची फाइल मिळते, वाचता येते, दुसऱ्या यंत्रावर चालते. मी रोज रात्री एक्स्पोर्ट काढतो. सुटा राउटर रॅकमध्येच, वीज चालू, केबल नाहीत. पोर्टांवर रंगीत पट्ट्या लावल्यात. मुख्य राउटर गेला तर लाल लालमध्ये, पिवळी पिवळ्यात, अशा पाच केबल हलवायच्या. दोन्ही आपोआप एकमेकांची जागा घेतील अशी व्हीआरआरपीची मांडणी करता आली असती, पण मी घरी असताना रात्रपाळीचा सुपरवायझर फोनवर जे करू शकतो तेच खरं, असं माझं मत.

दोन लाइनी घेतल्या: मुख्य लीज लाइन (फक्त आमच्यासाठी राखलेली), स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीची, जोडीला साधं फायबर ब्रॉडबँड. व्हेंडर म्हणत होता दोन्ही एकदम वापरा, वेग वाढेल. नको म्हटलं. एक विनंती या लाइनीने, दुसरी त्या लाइनीने गेली की बँकेला वाटतं मधेच कुणी दुसराच आला, आणि नेट बँकिंग बाहेर फेकतं. अकाउंट्सच्या मॅडमना पगाराच्या दिवशी तसं झालं तर मला ऑफिसात बसणं कठीण.

मुख्य गेली की दुसरी चालू व्हावी, हे ऐकायला सोपं आहे. राउटरला साधं सांगितलं की समोरचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं पहिलं दार, जिवंत आहे का बघ, तर तो फसतो. ओएनटीपासून (नेट कंपनीची फायबर जिथे येऊन संपते त्या डब्यापासून) राउटरपर्यंतची केबल ठीक असते, गेटवे उत्तर देतो, आणि त्याच्यापुढे दहा किलोमीटरवर जेसीबीने फायबर उपटलेली असते. म्हणून तपासणी लांबच्या पत्त्यावर ठेवली, क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ आणि गूगलच्या ८.८.८.८ वर, तीही फक्त मुख्य लाइनीतून जाईल अशी. चाचणी घेताना राउटरची केबल काढू नका, ती परीक्षा कोणीही पास होतो. ओएनटीच्या मागची पिवळी फायबर काढा, मग खरं काय ते दिसतं. आणि लाइन परत आली की लगेच उडी मारू द्यायची नाही. जोडलेली फायबर पहिली काही मिनिटं येते-जाते, आणि राउटर तिच्यामागे धावला तर दोन्हीकडचं काम तुटतं.

दुसऱ्या लाइनीवर एक विचित्र खोड निघाली. सगळं चालायचं, फक्त एका ग्राहकाच्या पोर्टलवर ड्रॉइंगची पीडीएफ चढवताना गोल गोल फिरत राहायचं. पिंग (लाइन जिवंत आहे का ते बघायचं छोटं पॅकेट) उत्तम. ही लाइन पीपीपीओईची (नाव-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीची) आहे हे लक्षात घेऊन, पॅकेटचे तुकडे करू नकोस असं सांगून पिंगचा आकार बदलत गेलो. १४७२ जात नव्हता, १४६४ गेला. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवा, १४९२. म्हणजे आठ बाइट पीपीपीओईने खाल्लेत, आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप वाटेत कुणीतरी अडवत होतं. राउटरमध्ये टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा, १४५२ वर बांधला, पीडीएफ सरकन गेली. ज्यांच्याकडे ‘बाकी सगळं चालतं, एवढंच चालत नाही’ अशी तक्रार असेल त्यांनी हे आधी बघावं.

त्याच लाइनीवर स्वतःचा सार्वजनिक आयपी नाही. राउटरला मिळतो तो १००.६४ पासून सुरू होणारा पत्ता, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एका आयपीमागे बसवते. त्यामुळे कागल आणि पुण्याहून येणारं वायरगार्ड व्हीपीएन थेट तिथे पोचू शकत नाही. मुख्य लाइन गेल्यावर शिरोलीचा राउटर उलट पुण्याला फोन लावतो, तिथे स्टॅटिक आयपी आहे, आणि कागल तिथूनच जोडलं जातं. काही ग्राहकांच्या पोर्टलवर आमचा शिरोलीचाच आयपी नोंदवलेला होता. त्यांना मेल लिहून पुण्याचाही नोंदवून घेतला. याला राउटर बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण मोठ्या कंपनीत आयपी नोंदवणारा माणूस नक्की कोण हे त्यांनाही माहीत नसतं.

मशीन शॉपमध्ये दोन जुन्या सीएनसी मशीनवर अजून विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला, पण मशीन उत्तम चालतं आणि केवळ संगणकासाठी ते कोणी बदलणार नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, टाकलं. प्रोग्रॅम ठेवलेल्या एकाच सर्व्हरशी बोलायचं, इंटरनेट बंद. कॅमेरे वेगळे, कामगारांचं वायफाय वेगळं. ऑफिसचा प्रिंटर सगळ्यांना दिसला पाहिजे या मागणीवर चर्चा मात्र सर्वांत लांब चालली.

राउटरचं ॲडमिन पान बाहेरून उघडं ठेवायचं नाही, कुठल्याही ब्रँडचं असो. २०१८ मध्ये मिक्रोटिकच्या विनबॉक्समध्ये (सेटिंग्ज करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) भोक सापडलं, कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली, तरी अपडेट न केलेले दोन लाखांहून जास्त राउटर पुढे क्रिप्टो कॉइन खणायच्या कामाला लावले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेब पानाला १० पैकी १० तीव्रतेचं भोक होतं. आमच्याकडे आधी कुणीतरी सोयीसाठी सर्व्हरचा ३३८९ पोर्ट सरळ बाहेर काढलेला, रिमोट डेस्कटॉपसाठी. तो पहिल्याच दिवशी बुजवला. ज्याला घरून टॅली बघायचंय त्याने आधी व्हीपीएनला यायचं. थोडी कुरकुर झाली, थांबली.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (यंत्रांनी केलेल्या नोंदी) १८० दिवस देशात ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. राउटरच्या स्वतःच्या स्मृतीत मूळ सेटिंगला हजार ओळी राहतात, म्हणजे आमच्याकडे दुपारपर्यंत सकाळ पुसली जाते. बाजूला काढलेल्या एका संगणकावर लिनक्स टाकून सगळे लॉग तिकडे वळवले, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारच्या एनआयसीच्या वेळेशी लावली. कॅमेऱ्याची वेळ आणि गेट रजिस्टरची वेळ जुळायला लागली, याचा सिक्युरिटीला जास्त आनंद.

विजेचं काम राउटरच्या किमतीत धरलेलं नसतं, ते धरा. इंडक्शन फर्नेस चालू झाली की आमच्या पुरवठ्यात हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीत बिघाड, येतात. रॅकला ऑनलाइन यूपीएस दिला, अर्थिंगचा खड्डा नवा केला. गेटच्या केबिनपर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल काढून फायबर टाकली, कारण मे महिन्यातल्या वळवाच्या विजा त्या केबलवरून आत येऊन स्विचचे पोर्ट जाळत होत्या. जळालेले तीन पोर्ट टेपने झाकलेला तो स्विच अजून स्टोअरला आहे.

राहिलं एक. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असं नाही. मोटारसायकल काढून दोन्ही फायबर कुठून येतात ते बघत गेलो, तर गेटपासून चौकापर्यंत दोन्ही एकाच विजेच्या खांबांवर, एकाच आकड्याला अडकवलेल्या. एखाद्या उंच कंटेनरने ओढल्या तर दोन्ही जाणार. ब्रॉडबँडवाल्याच्या लाइनमनला चहा पाजून मागच्या गल्लीने केबल आणायला सांगितली, केबलचे पैसे आम्ही दिले. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू असल्यामुळे लीज लाइन अधूनमधून तुटतेच. तेव्हा दुसरीवर बिलं निघतात आणि बहुतेक वेळा मला ते सकाळी लॉगमधूनच कळतं. लीज लाइनचा करार मार्चमध्ये संपतोय. या वेळी कोटेशनबरोबर फायबर कुठल्या बाजूने येते त्याचा नकाशाही मागितलाय. एका कंपनीने पाठवला, दुसरीचा सेल्सवाला म्हणतो, “सर, चालतंय ओ.”